दंगा की न कळणे?

शाळा सुरू होऊन दोनेक महिने झाले की पालकांना शाळेतून बोलावणी येऊ लागतात. आपला पाल्य वर्गात दंगा करतो, गृहपाठ करीत नाही, शिक्षकांना उलट उत्तरे देतो. हायस्कूलचे शिक्षक भेटले की या तक्रारींत आठवीची मुले हमखास असतात.

वयाचा दोष आहेच. पण आपल्या सीमाभागात आणखी एक कारण असते. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले मूल आठवीला एकदम इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात बसते. गल्लीतले कन्नड त्याला फर्डे येते, पण विज्ञानाच्या तासाचे कन्नड वेगळे! ‘सर, समजलं नाही’ म्हणायची लाज वाटते. मग ते शेजाऱ्याची वही ओढते, वर्ग हसतो, आणि न समजल्याची लाज तेवढ्यापुरती झाकली जाते.

पूर्वी यावर छडी हा एकच उपाय होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली. ते योग्यच झाले. मात्र छडीच्या जागी काय आणायचे, हे अनेक शाळांना अजून उमगलेले नाही. समुपदेशनाच्या नावाखाली मुलाला उभे करून अर्धा तास बोधामृत पाजले जाते. शब्दात ‘उपदेश’ असला तरी काम ऐकण्याचे आहे. शिक्षा करणारा आणि ऐकणारा एकच असेल, तर मूल तोंड उघडेल कसे? अर्थात मारामारी किंवा मुलींची छेड याला समुपदेशन ही माफी नव्हे. ते तिथल्या तिथे थांबवलेच पाहिजे.

आपले मूल चिडते कोणत्या भाषेत आणि रडते कोणत्या भाषेत, हे घरच्यांनाच ठाऊक असते. समुपदेशकांना ते पहिल्याच भेटीत सांगावे. ‘आमचं पोर काय वेडं आहे काय?’ म्हणून रुसून बसू नये. शाळेत समुपदेशक नसेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. रात्रंदिवस, विनामूल्य, आणि भाषाही निवडता येते.

मात्र त्याआधी, शाळेचे बोलावणे आले त्याच संध्याकाळी मुलाला विज्ञानाचे पुस्तक घेऊन जवळ बसवा. एक पान वाचून घरच्या भाषेत सांगायला लावा. अडखळला तर रागावू नका. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक पिशवीत घालून शाळेत जा आणि वर्गशिक्षकांना तेच पान दाखवा.