पोहणे, सायकल, धावणे : तिहेरी कसरत, पण सुरुवात पाण्यापासून

गेल्या महिन्यात मुरबाडकडचे एक शिक्षक आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा चुणचुणीत, अंगाने बारीक. शिक्षक म्हणाले, "डॉक्टर, ह्याने मोबाइलवर ट्रायथलॉन बघितलंय. तेच करायचं म्हणतो. करू द्यावं का? हृदयावर ताण नाही ना येणार?"

मी मुलाला विचारले, "पोहायला येतं का रे?" त्याने वडिलांकडे पाहिले. वडील हसून म्हणाले, "नाही येत. खरं सांगायचं तर मलाही येत नाही." आले आहेत तर म्हणून मी वडिलांची तपासणी केली. वय त्रेचाळीस, पोट सुटलेले, उपाशीपोटी साखर १४२. बाहेर बाकावर आजोबा बसले होते. त्यांनी तरुणपणी काळू नदी भरलेली असताना पोहून पार केली होती, आणि मुरबाडच्या बाजाराला ते सायकलनेच येत. त्यांची साखर आजही ठीक आहे. एका माणसावरून शास्त्र ठरत नाही हे मला कळते. पण एकाच घरातल्या या तीन पिढ्या पाहून आजचा विषय सुचला.

ट्रायथलॉन म्हणजे काय?

नाव अवघड असले तरी गोष्ट सोपी आहे. आधी पोहायचे, पाण्यातून बाहेर येऊन सायकलवर बसायचे आणि सायकल ठेवून धावायचे. मध्ये विश्रांती नाही. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे सुरू झाला आणि २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. ऑलिंपिकचे अंतर दीड किलोमीटर पोहणे, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धावणे असे असते. नवशिक्यांसाठी याच्या निम्म्या अंतराची 'स्प्रिंट' शर्यत असते. आयर्नमॅन नावाचा प्रकार मात्र फार मोठा : ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर पुरी ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. आपले मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिच येथे वयाच्या ४९ व्या वर्षी ती पुरी केली. २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर याच्या निम्म्या अंतराची शर्यत झाली, तेव्हापासून मराठी घरांत हा शब्द पोहोचला.

वाचकहो, आयर्नमॅन करा असे मी सांगत नाही. मला रस आहे तो तीन व्यायामांच्या या जोडणीत, कारण वैद्यकीय दृष्टीने ही जोडणी फार चांगली आहे.

तीनच का?

पोहताना शरीराचे बरेचसे वजन पाणी उचलते. त्यामुळे गुडघे-कंबर दुखणाऱ्याला आणि वजन जास्त असणाऱ्यालाही तो व्यायाम झेपतो. खांदे, दंड, पाठ यांना काम मिळते आणि श्वास तालात घ्यायची सवय लागते. सायकलने मांड्या व नितंबांचे मोठे स्नायू राबतात आणि सांध्यांना दणका न बसता हृदयाचा दम वाढतो. पण पोहणे आणि सायकल या दोन्हींत एक उणीव आहे. हाडांवर पुरेसा भार येत नाही, आणि हाड भार पडल्यानेच मजबूत होते. ती उणीव धावणे किंवा भरभर चालणे भरून काढते. उलट फक्त धावतच राहिले तर गुडघे आणि टाचा कुरकुरू लागतात. म्हणजे एकाची उणीव दुसरा भरतो. दोन मात्रा एकमेकींना पूरक असाव्यात तसे हे आहे.

मोठ्यांसाठी

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. हा शहरी लोकांचा रोग, अशी समजूत आता सोडून द्यावी. माझ्या दवाखान्यात शहापूर-मुरबाडच्या आतल्या गावांतले चाळिशीचे पेशंट रोज असतात. पूर्वी शेत, पाणी आणि बाजार यांतच दिवसाला दहा-बारा किलोमीटर पायपीट होई. आता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतही मोटारसायकल जाते. खाणे मात्र कमी झालेले नाही.

स्नायू काम करू लागले की रक्तातली साखर ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात, आणि हा परिणाम पुढे एक-दोन दिवस टिकतो. म्हणून मी मधुमेह्यांना सांगतो, सलग दोन दिवस खाडा करू नका. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रौढांसाठीचे माप आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम असे आहे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. दोन दिवस सायकल, दोन दिवस भरभर चालणे किंवा संथ धावणे आणि पोहता येत असेल तर एक दिवस पोहणे, एवढ्यात हिशेब पुरा होतो. रोज तेच केले की कंटाळा येतो, बदल असला की माणूस टिकतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. ज्यांना पोहता येत नाही त्यांच्यासाठी धावणे-सायकल-धावणे असा 'डुएथलॉन' नावाचा प्रकार आहे. वरच्या शिक्षकांना मी तोच सांगितला आहे.

मुलांसाठी

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास दमवणारा व्यायाम हवा. शाळेतला आठवड्याचा एखादा पी. टी.चा तास त्याला पुरत नाही. हाडांची बहुतेक कमाई विशीच्या आत होते. पुढे आयुष्यभर आपण तीच पुंजी खात बसतो. लहान वयात एकच खेळ वर्षभर घोटवला तर टाच आणि गुडघ्याखालचे वाढते हाड दुखू लागते. तीन प्रकार आलटून पालटून केले तर ते बरेच टळते.

मात्र मुलांना मोठ्यांची अंतरे देऊ नयेत. दहा-बारा वर्षांच्या मुलाला शंभर मीटर पोहणे, तीन-चार किलोमीटर सायकल आणि एक किलोमीटर धावणे एवढे पुष्कळ झाले. तिघांचा संघ करून एकाने पोहावे, दुसऱ्याने सायकल चालवावी, तिसऱ्याने धावावे. मजाही येते आणि कमी दमाचे मूलही आनंदाने भाग घेते. मुलींना यात आवर्जून घ्यावे. आणखी एक गोष्ट : आमच्या आदिवासी पाड्यांवर कित्येक मुले रक्ताने कमी असतात. उपाशीपोटी शाळेत आलेल्या मुलाला आधी खायला द्यावे आणि त्याचे हिमोग्लोबिन तपासावे, मग मैदानावर न्यावे.

आता मुख्य मुद्दा

काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यानंतर, भर दुपारी, अकरा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला गेला. शेततळ्यात पडला होता. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, आणि कडेला येऊनही माणूस वर चढू शकत नाही. त्याच्यामागे उतरलेला भाऊ कसाबसा वाचला. मुलाला आणणाऱ्यांनी त्याला उलटे धरून पोट दाबले होते, त्यात मोलाची मिनिटे गेली. माझ्या हाती काहीच उरले नव्हते. त्याची आई दाराशी उभी होती. तिला काय सांगावे हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते.

म्हणून ट्रायथलॉनच्या तीन अंगांपैकी पहिले अंग मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सायकल न येणारा पायी जातो. पण पोहता न येणारा एका चुकीच्या पावलाने जातो. बुडून मरणे हे जगभर पाच ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. शाळकरी मुलांना पोहणे, जीव वाचवण्यापुरते तरंगणे आणि सुरक्षित बचाव शिकवावा, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. बांगलादेशासारख्या गरीब देशाने गावच्या तळ्यात बांबूची चौकट बांधून हे शिकवले आहे.

आमची गंमत पाहा. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. मुंबई त्यांचे पाणी पिते. तिथे महापालिकेचे जलतरण तलावही आहेत. इथे उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतो, आणि धरणाच्या काठावर वाढणाऱ्या मुलाला पोहणे शिकवणारे कोणी नाही. पूर्वी बाप किंवा मामा पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून पोराला विहिरीत उतरवीत असे. ती शाळा बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी निघाली नाही.

"प्यायला पाणी नाही, पोहायला कुठून आणायचं?" असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. पण आमच्या दोन्ही तालुक्यांत रिसॉर्ट आणि फार्महाऊस झाली आहेत. शनिवार-रविवार त्यांचे तलाव पाहुण्यांनी भरतात, मधल्या वारी ओस असतात. मालकांनी आठवड्यातून दोन सकाळी ते जवळच्या शाळेला द्यावेत. ग्रामपंचायत, शाळा आणि पालक यांनी मिळून एक प्रशिक्षित शिक्षक ठेवावा. कमरेएवढ्या पाण्यात, डोळ्यांसमोर, दहा-दहा मुलांची तुकडी. यासाठी मुंबईचा निधी लागत नाही. आणि ज्यांचे शेततळे आहे त्यांनी आजच कुंपण घालावे, चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडावेत आणि हवा भरलेली ट्यूब काठावर ठेवावी.

सावधगिरी

१) धरणाचे पाणी, खदान, पुराची नदी येथे शिकण्यासाठी कधीही उतरू नये. पावसाळ्यात पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात जाऊ नये. लेप्टोचा धोका असतो.

२) चाळिशीपुढच्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह, छातीत दुखणे किंवा घरात कमी वयात हृदयविकार असणाऱ्यांनी तपासणी करूनच सुरुवात करावी. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये मृत्यू किंवा हृदय बंद पडण्याच्या १३५ घटना नोंदल्या गेल्या. त्यांतल्या ९० पोहताना घडल्या. भाग घेणाऱ्यांची संख्या पाहता हा धोका फार कमी आहे. पण एकट्याने पाण्यात उतरू नये, हा त्याचा धडा.

३) इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी चालू असेल तर व्यायामाला जाताना खिशात साखर किंवा गूळ ठेवावा.

४) सायकल महामार्गावर नको, आतल्या रस्त्यावर चालवावी, तीही हेल्मेट घालून. उन्हाळ्यात व्यायाम सकाळी आठच्या आत आटपावा.

५) बुडणाऱ्याला हात देऊ नका, बांबू, दोर किंवा ट्यूब द्या. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर पोट दाबत बसू नका. तोंडाने श्वास द्या, छाती दाबा आणि १०८ ला फोन करा.

त्या शिक्षकांचा मुलगा सध्या एका रिसॉर्टच्या तलावात शिकतो आहे. मालकाला मी स्वतः भेटून विचारले, तो लगेच तयार झाला. शर्त एवढीच घातली की वडिलांनीही शिकावे. परवा वडील सांगत होते, "डॉक्टर, पोरगं तरंगायला लागलं. मी अजून नाक धरून उभा आहे." मी म्हटले, "उभे राहा, पण पाण्यातच राहा." आपल्या गावाजवळ असा तलाव असेल तर विचारून पाहावे. 'नाही' म्हणाले तरी आपले काही जात नाही. 'हो' म्हणाले तर एखादे पोर वाचेल.