पायली कोणाच्या मापाची?

मंडळी, आजचा लेख जरा भांडखोर होणार आहे, आधीच सांगून ठेवतो. ज्यांच्या फोनमध्ये पॉइंट्सची एक्सेल शीट आहे त्यांनी चहा घेऊन बसा.

पूर्वी आमच्या कँटीनमध्ये तीनच विषय असायचे. ऑनसाइट कोण चाललं, हाइक किती मिळाली आणि फ्लॅटचा रेट कुठवर गेला. आता चौथा आलाय: क्रेडिट कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट कुठे ट्रान्स्फर करायचे. विमान कंपनीच्या मैलांत टाकायचे, का हॉटेलच्या मेंबरशिपमध्ये? रेशो काय चाललाय? आणि या चर्चेत कोणी चुकून म्हणालं की "मी आपला कॅशबॅक घेतो", तर बाकीचे त्याच्याकडे असं बघतात, जणू हा अजून मनीऑर्डरनं गावी पैसे पाठवतो!

माझं म्हणणं साधं आहे. पॉइंट म्हणजे पैसा नाही, आणि बचत तर नाहीच नाही. ते आपलं बँकेकडचं येणं आहे, आणि त्याची किंमत देणेकरी ठरवतो. ट्रान्स्फर करणं म्हणजे ते येणं आपल्या हातानं दुसऱ्या देणेकऱ्याच्या वहीत लिहून देणं. तिथेही भाव तोच ठरवणार. या व्यवहारात हुशारी दाखवायला जागा आहे, नाही असं नाही. पण आपण समजतो त्याच्या दहा टक्केसुद्धा नाही.

मी दिघाशीचा, भिवंडी तालुक्यातला. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आणि ऑनलाइन मालाची गोदामं आठवतात, पण आमच्याकडे भातशेतीही आहे. जुन्या लोकांना विचारा, भात पायलीनं मोजायचे तेव्हा सगळं भांडण मापाचं असायचं. घ्यायची पायली मोठी आणि द्यायची पायली लहान, ही सावकाराची ठरलेली युक्ती. तुम्ही शंभर पायल्या ठेवल्यात, तो शंभर पायल्याच परत देणार. आकड्यात खोट नाहीच! फक्त मधल्या काळात पायलीच्या बुडाला लाकडाची एक चकती ठोकलेली असायची. अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्याला फसवायला ही युक्ती पुरत होती. बी.ई. झालेल्या माणसाला फसवायलासुद्धा तीच पुरते, याची मला जास्त गंमत वाटते.

उदाहरण देतो, आणि ते सगळ्यांना माहीत असलेलंच घेतो. ॲक्सिस बँकेचं मॅग्नस कार्ड. २०२३ च्या मध्यापर्यंत आमच्या वर्गात या कार्डाची जवळजवळ पूजा चालायची. दर २०० रुपयांना १२ पॉइंट. महिन्यात एक लाख खर्च केला की वर २५,००० पॉइंट. आणि ट्रान्स्फरचा रेशो ५ ला ४, म्हणजे ५ पॉइंट दिले की ४ मैल. आता हिशोब करा. एक लाखाच्या खर्चावर ६,००० अधिक २५,००० म्हणजे ३१,००० पॉइंट, त्यांचे झाले २४,८०० मैल. एका महिन्यात!

मग १ सप्टेंबर २०२३ उजाडला. महिन्याचे २५,००० पॉइंट बंद. रेशो ५ ला २. वार्षिक फी १०,००० वरून १२,५०० आणि वर टॅक्स. तोच एक लाखाचा खर्च, आता ६,००० पॉइंट आणि त्यांचे मैल फक्त २,४००. चोवीस हजार आठशेचे चोवीसशे. दहा भाग केले तर एक भागसुद्धा पूर्ण हातात राहिला नाही. बँकेतल्या बर्गंडी वर्गाच्या, म्हणजे आधीच बऱ्यापैकी पैसा ठेवून असलेल्या ग्राहकांना मात्र मॅग्नसच्या वेगळ्या रूपात ५ ला ४ चा रेशो ठेवला. म्हणजे मापं दोन झाली, गिऱ्हाईक बघून.

"नवीन खर्चावर कमी देतात, तर देऊ दे की, त्यांचं कार्ड, त्यांची मर्जी" असं कोणी म्हणेल. मान्य. पुढच्या खर्चावर काय द्यायचं हा बँकेचा धंदा आहे. माझं भांडण त्यावर नाहीच. भांडण आहे आधीच कमावलेल्या पॉइंटांवर. ज्याच्या खात्यात ३१ ऑगस्टच्या रात्री एक लाख पॉइंट पडून होते त्याचे ८०,००० मैल होत होते. सकाळी उठला तेव्हा ४०,०००. खर्च जुन्या बोलीवर करून झालेला, फी भरून झालेली, आणि मोबदला मात्र नव्या मापानं. पुढे २०२४ मध्ये ट्रान्स्फरच्या भागीदारांचे अ आणि ब असे गट पाडून वर्षाला किती पॉइंट हलवता येतील त्यावर मर्यादा आल्या, आणि डिसेंबर २०२४ पासून दर ट्रान्स्फरला १९९ रुपये आणि टॅक्स. म्हणजे मापाड्याची मजुरीही आपल्याच पोत्यातून!

आपण सगळे सॉफ्टवेअरवाले आहोत. क्लायंटनं वापरात घेतलेल्या एपीआयमध्ये आपण असा ब्रेकिंग चेंज केला तर काय होईल? जुनं व्हर्जन काही महिने चालू ठेवावं लागतं, मायग्रेशनचा रस्ता द्यावा लागतो, नाहीतर एस्कलेशन थेट वरपर्यंत जातं. इथे मात्र आपण क्लायंट असून "टर्म्स अँड कंडिशन्समध्ये लिहिलं होतं रे" असं बँकेच्या वतीनं एकमेकांना समजावत बसतो. स्टॉकहोम सिंड्रोम म्हणतात तो हाच असावा.

बरं, ट्रान्स्फर केलेले पॉइंट तरी सुरक्षित? आता या वहीतली जुनी पानं उलटू.

किंगफिशर एअरलाइन्स ऑक्टोबर २०१२ मध्ये उडायची थांबली. तिच्या किंग क्लबचे पॉइंट ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडे शेवटी फक्त प्लास्टिकचं मेंबरशिप कार्ड उरलं. जेट एअरवेज, आपल्या मुंबईचीच, १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं उड्डाण करून बसली. इथे प्रकार अजून मजेशीर. जेटप्रिव्हिलेज ही कंपनी वेगळी होती, २०१४ पासून तिचा अर्ध्याहून किंचित जास्त हिस्सा एतिहादकडे होता. त्यामुळे विमान कंपनी बुडाली तरी मैल "जिवंत" राहिले. पुढे नाव बदलून इंटरमाइल्स केलं. पण ज्यानं मुंबई-लंडनसाठी वर्षानुवर्षं मैल साठवले होते त्यानं काय करायचं? खात्यात मैल आहेत आणि धावपट्टीवर विमान नाही. तिसरं उदाहरण तर ताजं आहे. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे पॉइंट महाराजा क्लबमध्ये गेले. बुडाले नाहीत, हे खरं. पण आपण ज्या नियमांसाठी, ज्या सीटसाठी साठवले होते ते दुकानच बदललं.

हॉटेलवाल्यांकडे तर दुकान चालू ठेवून हे होतं. मॅरियटनं मार्च २०२२ मध्ये किती पॉइंटला कुठली खोली याचा ठरलेला तक्ताच काढून टाकला. आता त्या दिवशी सिस्टिम सांगेल तो भाव. तक्ता होता तेव्हा निदान तो बदलला की कळायचं, ओरडता यायचं. आता ओरडणार कशावर?

हे सगळं विमान कंपन्या का करतात, यात गूढ काही नाही. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ मध्ये ॲडव्हांटेज सुरू केलं तेव्हा मैल ही नेहमीच्या प्रवाशाला दिलेली बक्षिसी होती. आज मैल हा माल आहे. कंपनी तो बँकेला घाऊक विकते, पैसे आज रोख घेते, आणि बदल्यात कधीतरी, बहुतेक करून रिकामी जाणारी सीट देते. २०२० मध्ये कोविडनं विमानं जमिनीवर आणली तेव्हा युनायटेडनं आपला माइलेजप्लस कार्यक्रम तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. विमानं उडत नव्हती, पण मैलांच्या धंद्यावर कर्ज मिळत होतं! आता मला सांगा, यात आपण गिऱ्हाईक की कच्चा माल?

"पण मी बिझनेस क्लासनं गेलो ना, दीड लाखाचं तिकीट फुकटात!" हा सगळ्यात आवडता युक्तिवाद. चला, हाही मोजू. समजा ८०,००० मैलांत दीड लाखाचं तिकीट मिळालं. लगेच घोषणा होते: मैलाला जवळजवळ दोन रुपये व्हॅल्यू! पण दीड लाख खिशातून काढून तू ते तिकीट घेतलं असतंस का? नसतंस. तू ३२,००० चं इकॉनॉमी काढलं असतंस, खिडकी मिळाली म्हणून खूश झाला असतास. मग तुझे वाचले ३२,०००, म्हणजे मैलाला ४० पैसे. आडवं झोपायला मिळालं त्याचं सुख धर अजून दहा-पंधरा हजार, तरी साठ पैशांच्या वर जात नाही. शिवाय एअरपोर्टचे टॅक्स वेगळे भरलेस ते धरलेच नाहीत. आता वरचं नवीन मॅग्नस घ्या. एक लाखावर २,४०० मैल. दीड टक्का कॅशबॅकचं साधं कार्ड त्याच एक लाखावर १,५०० रुपये देतं. म्हणजे नुसती बरोबरी करायलाच प्रत्येक मैलाचे साडेबासष्ट पैसे यायला हवेत, आणि त्यात १२,५०० ची फी अजून वसूल व्हायची आहे. कॅशबॅकवाल्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी हा भागाकार एकदा स्वतः करून बघावा.

आता जरा टोचणारी गोष्ट. हे पॉइंट येतात कुठून? आभाळातून नाही पडत. कार्ड घासलं की दुकानदाराच्या पैशातून साधारण दोनेक टक्के कापले जातात, त्यातला तुकडा आपल्याला पॉइंट म्हणून मिळतो. दुकानदार तो खर्च मालाच्या भावात घालतो, आणि भाव सगळ्यांना एकच. आमच्या दिघाशीत कोणी रोख देतं, कोणी यूपीआयनं. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला आकार नाही, त्यामुळे पॉइंटही नाहीत. पण तोच माणूस कल्याणच्या किंवा ठाण्याच्या मोठ्या शोरूममध्ये फ्रिज घ्यायला गेला की रोख मोजूनही कार्डाचा खर्च त्याच्या भावात आहेच. माझ्या लाउंजमधल्या उपम्याला त्याचाही हातभार लागलेला असतो.

आणि दुसरा दाता म्हणजे बिल पूर्ण न भरणारा. महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, वर जीएसटी. वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जातं. पॉइंट मिळतात फार तर दोन-तीन टक्क्यांचे. एक लाखाचं टार्गेट गाठायला वहिनीचा फ्रिज, मित्राची फी, मेव्हण्याचे टायर सगळं आपल्या कार्डावर घेणारे मी बघितलेत. त्यातल्या एकानं जरी पैसे द्यायला दोन महिने लावले तरी वर्षाचे मैल गेले. बँकेला दोन्ही चालतं.

मग काय, ट्रान्स्फर करूच नये? तसं नाही. काही कार्डांवर रेशो अजून चांगला आहे, आणि ज्याला खरंच सिंगापूरला आईबाबांना न्यायचंय, तारीख ठरलीय, मैलांवरची सीट समोर दिसतेय, त्यानं जरूर करावं. पण क्रम महत्त्वाचा. आधी सीट, मग ट्रान्स्फर. "रेशो कमी होणारे म्हणतात" म्हणून घाबरून सगळे पॉइंट एका विमान कंपनीत ओतू नका. गेलेले पॉइंट परत येत नाहीत, आणि तिथेही मुदत असते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरचे मैल तीन वर्षांत संपतात. साठवायचे असतील तर पैसे साठवा, पॉइंट खर्चा. आणि बिल पूर्ण भरत नसाल तर पॉइंट हा शब्दच डोक्यातून काढा.

हे झालं आपल्यापुरतं. पण शहाणपणाची सगळी जबाबदारी गिऱ्हाइकावरच का? रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत शुल्काबद्दल स्पष्ट नियम घातला: बदल करायचा तर किमान एक महिना आधी कळवा, तो पुढच्या तारखेपासूनच लावा, आणि न पटल्यास ग्राहकाला जादा आकार न घेता कार्ड बंद करू द्या. पॉइंटच्या भावालाही असाच ठाम नियम लावा, एवढंच माझं मागणं आहे. जुन्या बोलीवर कमावलेले पॉइंट निदान सहा महिने जुन्या मापानं घ्या. नव्या पॉइंटांना हवी ती पायली लावा, आमची ना नाही. बँकेला हे सॉफ्टवेअरमध्ये जमणार नाही असं कोणी म्हणू नये. कमावल्याची तारीख प्रत्येक पॉइंटबरोबर डेटाबेसमध्ये पडलेली असते. मुदत संपली की पॉइंट उडवायला तीच तारीख बरोबर सापडते ना!

तोवर कँटीनमध्ये कोणी रेशो सांगायला लागला तर त्याला एवढंच विचारा: हा आकडा पुढच्या वर्षी हाच राहील असं कोणी लिहून दिलंय का?

बाकी, शिव्या द्यायच्या असतील तर बिनधास्त द्या. आज रविवार आहे, मी रिकामाच आहे.