अंजनवेलचे कलम

कृत्रिम बुद्धिमत्तेवर हल्ली पुष्कळ लिहिले जाते. भाषेचे काय होणार, नोकऱ्यांचे काय, कलेचे काय, असे प्रश्न त्यात असतात आणि ते रास्तच आहेत. परंतु या बुद्धिमत्तेला वीज लागते आणि त्या विजेची सोय कोणीतरी आधी पैसे गुंतवून करून ठेवावी लागते, ही साधी बाब त्या चर्चेत क्वचितच येते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगभरच्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या हा दीड टक्का झाला. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांच्या आसपास जाईल, असा त्याच संस्थेचा अंदाज आहे.

आपल्याकडे याचा सर्वांत मोठा पसारा मुंबई आणि नवी मुंबई परिसरात आहे. समुद्राखालून येणाऱ्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, वित्तसंस्था इथे आहेत, आणि देयकांची माहिती देशातच साठवावी असा रिझर्व्ह बँकेचा २०१८ चा आदेश आहे. ॲमेझॉनने जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रात या कामासाठी २०३० पर्यंत ८३० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. गूगलने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विशाखापट्टणमसाठी १५०० कोटी डॉलरची योजना जाहीर केली; तिथल्या केंद्राची भाषा एक हजार मेगावॉटची आहे. असे आकडे ऐकले की मराठी माणसाला एक गाव आठवायला हवे. ते गाव अंजनवेल.

गुहागर तालुक्यात वाशिष्ठीच्या मुखावर वसलेले, गोपाळगडाचे आणि दीपगृहाचे हे गाव. पलीकडच्या काठावरच्या दाभोळचे नाव जगभर गाजले, पण तो वीजप्रकल्प उभा राहिला अलीकडे, अंजनवेल-वेलदूर-रानवीच्या जमिनीवर. एन्रॉन आणि राज्य वीज मंडळ यांच्यात पहिला सामंजस्य करार जून १९९२ मध्ये झाला, तोही कंपनीची माणसे प्रथम मुंबईत आल्यावर काही दिवसांतच. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. प्रकल्प फार मोठा आहे, वीज महाग पडेल, असे सांगून जागतिक बँकेने त्याच वर्षी कर्ज नाकारले होते. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या गटांनीही हिशेब मांडून हेच दाखवले. १९९५ मध्ये नव्या युती सरकारने करार रद्द केला, आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी करून प्रकल्प पूर्वीपेक्षाही मोठा, २१८४ मेगावॉटचा केला.

या प्रकरणातील राजकारण आणि लाचखोरीचे आरोप यांवर बरेच लिहिले गेले आहे. त्या गदारोळात करारातील मुख्य कलम मात्र लोकांच्या स्मरणातून निसटले. आपल्या घरच्या विजेच्या बिलात ‘स्थिर आकार’ असतो. वीज वापरा वा न वापरा, तो द्यावाच लागतो. अंजनवेलच्या करारात असाच आकार होता, फक्त प्रचंड. संयंत्र वीज देण्यास सज्ज असेल, तर मंडळाने ती घेतली नाही तरी तो भरावा लागणार होता. त्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला, वर राज्याची हमी आणि पहिल्या टप्प्याला केंद्राची प्रतिहमी. म्हणजे मागणीचा अंदाज चुकला, रुपया घसरला, नाफ्था महागला, तर तोटा कोणाचा, हे आधीच लिहून ठेवले होते. तो ग्राहकाचा.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि कलम कामाला लागले. वीज महाग म्हणून मंडळ ती कमी घेई. कमी घेतली की स्थिर आकार थोड्या युनिटांवर विभागला जाई. मग दर आणखी चढे. २००० साली काही महिन्यांत तो युनिटमागे सात रुपयांच्या पुढे गेला. थकबाकी वाढली, हमी वटवण्याची पाळी आली आणि मे २००१ अखेर प्रकल्प बंद पडला. डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे निघाले. पुढे २००५ मध्ये सार्वजनिक कंपन्यांच्या पैशावर ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ स्थापून संयंत्र पुन्हा चालवावे लागले, आणि तेही गॅसअभावी वारंवार अडखळले.

यात एक विसंगती आहे, ती टाळून चालणार नाही. प्रकल्प बंद असतानाच महाराष्ट्रातील खेडी भारनियमनाखाली तासन्‌तास अंधारात होती. मग विजेची मागणी वाढेल हे भाकीत खोटे कसे? गरज खरी होती. त्या दराने ती भागवण्याची ऐपत नव्हती. गरज आणि ऐपत यांतील हे अंतर करारात कोठेही धरलेले नव्हते.

आजचा ग्राहक उलट जातीचा आहे. डेटा सेंटरांच्या मालकांकडे ऐपत अफाट आहे. प्रश्न आहे तो त्यांची गरज टिकेल का, हा. एकच कंपनी एका केंद्रासाठी चार ठिकाणी वीज मागून ठेवते. जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक या चिनी कंपनीने कमी खर्चात तयार झालेले प्रारूप पुढे आणताच एनव्हिडियाच्या समभागांचे मूल्य एका दिवसात सुमारे ५९,००० कोटी डॉलरने घसरले. गरजेचे आकडे किती डळमळीत आहेत, हे त्या दिवशी बाजारानेच सांगितले. त्याआधीही, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, इंटरनेटची वर्दळ दर शंभर दिवसांनी दुप्पट होते असे सर्रास सांगितले जाई. त्या भरवशावर जमिनीखाली घातलेल्या तारांपैकी बऱ्याच वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिल्या. तारांच्या त्या व्यापारात एन्रॉनही होती. मात्र तार पडून राहिली तर बुडतो तिचा मालक. वीजकेंद्र पडून राहिले तर बिल येते आपल्याला.

यावर उपाय अंजनवेलच्या कलमातच आहे. ते उलटे लिहायचे. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या नियामकाने जुलै २०२५ मध्ये नेमके हेच केले. मोठ्या नव्या डेटा सेंटरने जितकी वीज मागितली असेल, तिच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे वापर कमी झाला तरी भरायचे, आणि हे बंधन बारा वर्षांपर्यंतचे. परिणाम बोलका आहे: तिथल्या वीज कंपनीकडे आलेली मागणी निम्म्याहून कमी झाली. उरलेली मागणी मुळात किती खरी होती, हा प्रश्न विचारायचेही कारण राहिले नाही.

आपल्याकडे उच्चदाब ग्राहकाला करारित मागणीवर आकार द्यावा लागतो, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण ग्राहकाला ती मागणी पुढे कमी करून घेता येते, मुक्त प्रवेशाने वीज दुसरीकडून आणता येते. वितरण कंपनीने त्याच्या भरवशावर केलेला वीजखरेदीचा करार मात्र बहुधा पंचवीस वर्षांचा असतो. या दोन मुदतींमधली पोकळी भरून काढतो तो लहान ग्राहक: पिठाची गिरणीवाला, बर्फाचा कारखाना, दोन खोल्यांचे घर. त्यातच डेटा सेंटरांना वीज शुल्कात सवलत देण्याचे राज्याचे धोरण आहे. सवलत द्यायची असेल तर सरकारने जरूर द्यावी. पण निदान जोखीम त्यांच्याकडेच राहू द्यावी. राज्य विद्युत नियामक आयोगाला हे करता येईल, आणि करारांवर सह्या होण्यापूर्वीच ते करायला हवे.

डेटा सेंटर नकोत, असे मी म्हणत नाही. हा लेखही कुठल्यातरी अशाच केंद्रात साठवला जाणार आहे. तेव्हा विजेला विरोध करणाऱ्यांना विकासाचे शत्रू ठरवले गेले. आंदोलकांवर झालेल्या पोलिसी अत्याचारांची नोंद ॲम्नेस्टीने १९९७ मध्ये आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये केली. जून १९९७ मध्ये वेलदूरच्या वस्तीत पहाटे घुसून स्त्रियांना झालेली मारहाण तीत आहे. त्या गावकऱ्यांना करारातील कलमे ठाऊक नव्हती, कारण तो करार त्यांना कोणी दाखवलाच नव्हता. निदान या खेपेस करार आधी वाचायला मिळावेत, आणि अंदाज करणाऱ्यानेच तो चुकल्यास भरपाई करावी, एवढे त्यांत लिहिलेले असावे. अंजनवेलने यासाठी पुरेशी किंमत मोजली आहे.