गिझरचा बळी हे नशीब नव्हे

न्हाणीघरात शॉक लागून माणूस गेला की आपल्या वस्तीत अजूनही 'त्याची वेळ भरली होती' असे म्हणतात. बुद्धाच्या अनुयायांच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. घडते त्यामागे कारण असते आणि गिझरच्या बाबतीत ते बहुधा आधीच दिसत असते.

पाणी ठरावीक तापले की थर्मोस्टॅट वीज तोडतो. तो बिघडला की शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी मिस्त्री वायर 'डायरेक्ट' करून देतो आणि आपण त्याला हुशार म्हणतो! मग पाणी उकळत राहते. त्यातच ठिबकतो म्हणून दाबाचा व्हॉल्व्ह कुणी बुजवला असेल, तर ती टाकी म्हणजे बॉम्बच.

थर्मोस्टॅट किंवा कॉइल गेली तर बदलता येते. व्हॉल्व्ह वा जोडातून पाणी येत असेल तर तेही दुरुस्त होते. पण टाकीच गळू लागली, तर दुरुस्तीचा नाद सोडून गिझर बदलावा. गरम पाणी तांबूस येणे ही त्याची आगाऊ सूचना समजावी. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात टाकी लवकर जाते. आत मॅग्नेशियमची कांडी असते, टाकीऐवजी ती झिजते. ती वेळेवर बदलली तर टाकी टिकते, पण हे दुकानदार सांगत नाही.

नवा घेताना आयएसआय चिन्ह पाहा. अर्थिंग तपासून घ्या, तीस मिलिअॅम्पियरचा आरसीसीबी बसवा. गॅस गिझर बंद न्हाणीघरात नकोच; कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

आणि पक्के बिल घ्या. गिझरने भाजलेल्या एका बांधवाचे प्रकरण माझ्याकडे आले, तेव्हा त्याच्याजवळ कागदाचा चिटोरा नव्हता. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची भरपाई उत्पादक व विक्रेत्याकडून मागता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्कही लागत नाही. पण ती वस्तू त्या दुकानातून घेतली, हे सिद्ध कशाने करणार?

जुना गिझर गावाकडच्या भावाला देण्याची आपल्याकडे रीत आहे. गळकी टाकी त्याच्या घरी पाठवू नका. भंगारात घाला.