आवाज म्हणजे ताकद नव्हे

रात्रीचे अकरा वाजले आहेत. मोहल्ल्यात शांतता आहे. एका घरात तान्हे बाळ झोपले आहे. शेजारच्या घरात एक मुलगी दहावीचा अभ्यास करत आहे. इतक्यात कानठळ्या बसवणारा आवाज करत एक मोटारसायकल गल्लीतून जाते. बाळ दचकून रडू लागते. मुलगी कानांवर हात ठेवते. असा अनुभव तुम्हालाही आला असेल.

मित्रांनो, गाडीला सायलेन्सर कशासाठी असतो? इंजिनात इंधन पेटते आणि गरम वायू जोराने बाहेर पडतो. त्याचा मोठा आवाज होतो. सायलेन्सरच्या आत कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या असतात. त्यांतून जाताना वायूचा जोर कमी होतो व आवाज मंदावतो. काही तरुण कंपनीचा सायलेन्सर काढून बाजारातले पोकळ नळकांडे बसवतात. आवाज वाढला म्हणजे गाडीची ताकद वाढली, असे त्यांना वाटते. हा गैरसमज आहे. ताकद इंजिनात असते, गोंगाटात नसते.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. त्यांनुसार राहत्या वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कर्कश गाडी चालवणाऱ्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पोलीस असे सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोलरही फिरवतात.

पण माझ्या मते, केवळ दंडाने हा शौक सुटणार नाही. पोलीस दिसले की गाडी हळू आणि ते गेले की पुन्हा धडधडाट, याला सुधारणा कशी म्हणावी? खरा उपाय घरातच आहे. मूळ सायलेन्सर पुन्हा बसवला की आवाज थांबतो. मेकॅनिकनेही असले नळकांडे बसवायला साफ नकार द्यावा.

कधी कधी दोष शौकाचा नसतो. जुना सायलेन्सर गंजून त्याला भोक पडते किंवा जोडावरचे गास्केट खराब होते. तेव्हा वेळीच दुरुस्ती करावी.

मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो, अशी म्हण आहे. तुमच्या भाईजानची गाडी गल्ली हादरवत असेल, तर त्यांना अदबीने इतकेच विचारा, "भाईजान, आपले बाळ झोपले असते, तर तुम्ही ही गाडी दारात सुरू केली असती का?"