कोयता कुणाच्या कमरेला, यावर कायदा ठरू नये

पावसाळा सरल्यावर एका रविवारी धसईच्या नाक्यावर आम्ही चहा घेत बसलो होतो. गोरखगडाला निघालेली मुंबईची तीन-चार मुलं गाडी थांबवून टपरीवर आली. त्यातल्या एकाला सुऱ्यांचा शौक होता. खिशातली घडीची सुरी बाकावर ठेवून तो सांगू लागला की, परदेशात फिरायचं तर बॅग भरण्याआधी त्या त्या देशाचा कायदा वाचावा लागतो. इंग्लंडमध्ये तीन इंचांपर्यंत पात्याची, घडी होणारी साधी सुरी चालते. त्याहून मोठी जवळ असेल तर योग्य कारण सांगावं लागतं. जर्मनीत एका हाताने उघडणारी सुरी आणि बारा सेंटिमीटरहून लांब, घडी न होणारं पातं कारणाशिवाय बाळगता येत नाही. जपानमध्ये तर सहा सेंटिमीटरच्या वर गेलं की कारण द्यायलाच हवं.

शेजारच्या बाकावर देहरीकडचे एक ठाकर काका बसले होते. कमरेला मागे लाकडी आकडी, आकडीत कोयता. त्यांनी विचारलं, "आन कारण सांगितलं का सोडतात?" तो म्हणाला, "खरं असेल तर सोडतात." काका नुसतेच हसले. नंतर त्यांनी आम्हाला सांगितलं की, आदल्या हिवाळ्यात राबासाठी फांद्या तोडून येताना त्यांचा कोयता काढून घेतला गेला. ना पंचनामा, ना पावती. नवा घ्यायला म्हशाच्या जत्रेपर्यंत थांबावं लागलं आणि तोवर उसन्या कोयत्यावर काम भागवलं.

त्या मुलावर आमचा राग नाही. तो कायदा वाचून चालतो, ही चांगलीच गोष्ट आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. एकाच्या खिशातली सुरी 'शौक' ठरते आणि दुसऱ्याच्या कमरेचा कोयता 'संशय' ठरतो, हे कोण ठरवतं?

कायद्याने तरी ते ठरवलेलं नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याने 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या करतानाच, केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. 2016 च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत मोडतात. पण तिथेही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाच्या वस्तूंना सूट आहे. म्हणजे राब तोडायचा कोयता रुंदीत बसला नाही तरी व्याख्येत सुटतो. संविधानाच्या कलम 25 च्या स्पष्टीकरणात शिखांना कृपाण धारण करण्याचा हक्क आहे. इंग्लंडच्या कायद्यातही काम, धर्म आणि राष्ट्रीय पोशाख ही कारणं नावानिशी लिहिली आहेत. सगळीकडे तत्त्व एकच दिसतं. नुसतं पातं पाहून भागत नाही, ते कशासाठी आहे हेही पाहावं लागतं.

मात्र कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे समोरचा अधिकारी ठरवतो. भेदभाव नेमका तिथे शिरतो. इंग्लंडमध्ये सुरीच्या संशयावरून रस्त्यात झडती घेतली जाते, तेव्हा गोऱ्यांच्या मानाने काळ्या माणसांची झडती कितीतरी जास्त प्रमाणात होते, हे तिथल्या सरकारी आकडेवारीतच दरवर्षी दिसतं. कायदा सगळ्यांना एक, झडती मात्र रंग बघून. आपल्याकडे रंगाच्या जागी जात, वाडी आणि अंगावरचे कपडे येतात.

बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिलं की, चातुर्वर्ण्याने खालच्या वर्णांना शस्त्र नाकारलं, विद्या नाकारली, म्हणून त्यांना बंड करता आलं नाही. आमच्या आजोबांच्या हातात वेसकराची काठी होती खरी, पण ती गावाच्या चाकरीची होती, त्यांच्या हक्काची नव्हती. महारवतन 1958 च्या कायद्याने गेलं, तेव्हा ती चाकरी सुटली. आजही कष्टकऱ्याच्या हातातलं हत्यार दुसऱ्याच्या कामाला आलं तर चालतं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणून मोजतात. तिथे माणसालाच कोयत्याचं नाव देऊन राबवून घेतात आणि कुणाला भीती वाटत नाही. तोच कोयता आदिवासी स्वतःच्या दाढीच्या भाजणीसाठी रानात नेतो, तेव्हा मात्र तो चोर ठरतो.

कुणी म्हणेल, पुण्यात कोयता गँगने काय केलं ते दिसत नाही का? दिसतं. हातात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली हत्यारबंदीचे आदेश निघतात, त्यालाही कधी कधी कारण असतं. पण गुन्हा करणाऱ्याचा राग कोयत्यावर आणि कोयत्याचा राग शेतमजुरावर काढणं हा न्याय नव्हे.

आपल्या पोरांनाही दोन शब्द सांगायला हवेत. वाढदिवसाला तलवारीने केक कापायचा, त्याचा व्हिडिओ टाकायचा आणि मग शस्त्र कायद्याखाली गुन्हा ओढवून घ्यायचा. पुढे पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी आली की तोच गुन्हा आडवा येतो. शिका, संघटित व्हा म्हणणाऱ्या बापाची लेकरं आपण. बुद्धाने उपासकाला शस्त्रांचा व्यापारसुद्धा वर्ज्य सांगितला आहे. तलवार मिरवून आपला स्वाभिमान वाढत नाही, उलट आपल्यावर टपून बसलेल्यांच्या हाती आयतं कारण मिळतं.

मग करायचं काय? 1927 च्या वन अधिनियमाच्या कलम 52 मध्ये वनगुन्ह्यात वापरलेली अवजारं जप्त करण्याचा अधिकार आहे. पण जप्त मालावर खूण करण्याचं आणि जप्तीचा अहवाल वर देण्याचं बंधनही त्याच कलमात आहे. म्हणून कोयता काढून घेतला की पंचनामा आणि पावती मागायची. दिली नाही तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्यायची. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपज गोळा करण्याचा हक्क दिला आहे; दाव्याच्या कागदाची प्रत घरात प्रत्येकाकडे असू द्यावी. ग्रामसभांनी ठराव करून मागावं की, हत्यारबंदीच्या प्रत्येक आदेशात शेतीच्या आणि वनउपजाच्या अवजारांना सूट आहे हे मराठीत स्पष्ट लिहावं आणि तो आदेश ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.

परदेशी जाणारा मुलगा जाण्याआधी कायदा वाचतो, कारण त्याला खात्री आहे की कायदा दाखवला तर समोरचा ऐकेल. काकांना तशी खात्री नाही, आणि त्यात चूक त्यांची नाही. येत्या ग्रामसभेला आम्ही त्यांच्यासोबत बसणार आहोत. वाड्यांमधल्या ज्यांचे कोयते असे पावतीशिवाय गेले आहेत, त्यांनी तारीख आणि जागा लिहून घेऊन यावं.

जय भीम. जय संविधान.