अर्ज लिहिता येणाऱ्यांचा निधी

दिल्लीत यमुनेच्या पूर्वेला ज्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत मी निवृत्तीनंतर राहतो, तिच्यासमोरच्या उद्यानात दोन वर्षांपूर्वी व्यायामाची साधने बसली. पैसा लोकप्रतिनिधींच्या स्थानिक विकास निधीतला होता. अर्ज मी लिहिला होता. संस्थेचा ठराव, नोंदणी प्रमाणपत्र, जागेचा नकाशा, ना-हरकत पत्र आणि देखभालीची हमी असे पाच कागद जोडले. सारी नोकरी अशाच अर्जांवर शेरे मारण्यात गेल्यामुळे कोणता शब्द कुठे हवा, हे मला ठाऊक होते. चार महिन्यांत काम झाले.

त्याच सुमारास आमच्या इमारतीत स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. ‘‘साहेब, यात काय चुकलंय ते सांगा,’’ एवढेच त्या म्हणाल्या. नाल्यापलीकडच्या त्यांच्या वस्तीतील सार्वजनिक शौचालयाकडे जाणाऱ्या बोळात सहा दिवे हवेत, अशी ती मागणी होती. अंधार पडल्यावर मुली तिकडे जायला धजावत नाहीत, हे कारणही त्यात लिहिले होते. अर्ज तीनदा परत आला होता. पहिल्यांदा, अर्जदार नोंदणीकृत संस्था नाही म्हणून. नोंदणी करायची तर १८६०च्या कायद्यानुसार किमान सात सभासद लागतात. सात बायका जमल्याही. पण संस्थेच्या कार्यालयाचा पत्ता सिद्ध करायला घराच्या मालकीचा कागद किंवा मालकाची संमती हवी, आणि वस्तीतल्या घरांना मालकीचा कागदच नसतो. दुसऱ्यांदा खर्चाचा अंदाज नव्हता. तिसऱ्यांदा, जमीन कोणत्या यंत्रणेची हे स्पष्ट नसल्याने ना-हरकत पत्र नव्हते.

मंजुरी आणि नामंजुरी, दोन्ही निर्णय नियमाला धरून होते. कोणी लाच मागितली नाही, कोणी भेदभाव केला नाही. तरीही सार्वजनिक पैसा ज्यांच्याकडे आधीच पुष्कळ काही आहे त्यांच्या दारी आला आणि ज्यांना अंधारात चालावे लागते त्यांच्या दारावरून परत गेला. हे कसे घडते, हा प्रश्न आपल्या धोरणचर्चेत क्वचितच येतो.

चर्चा होते ती रकमेची. खासदार निधीची योजना डिसेंबर १९९३मध्ये सुरू झाली; २०११-१२पासून प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. दिल्लीत आमदार निधी २०१८मध्ये ४ कोटींवरून १० कोटींवर गेला, २०२४मध्ये १५ कोटींवर आणि २०२५मध्ये नव्या सरकारने तो ५ कोटींवर आणला. प्रत्येक वेळी वाद झाला तो आकड्यावर. त्या आकड्यापर्यंत नागरिकाने पोहोचायचे कसे, यावर फारसे कोणी बोलले नाही. खासदार निधीच्या नियमांत एक सूचक गोष्ट आहे. सुचवलेले काम नाकारायचे असल्यास जिल्हा प्रशासनाने ४५ दिवसांत खासदाराला कारणांसह कळवायचे असते. ज्या नागरिकांनी ते काम मागितले, त्यांना मात्र असे उत्तर मिळण्याची तजवीज नाही.

दिल्लीने लोकसहभागाचे प्रयोग केले नाहीत असे नाही. शीला दीक्षित सरकारने २०००मध्ये ‘भागीदारी’ योजना आणली. २००५मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कारही मिळाला. पण तिचे भागीदार होते प्रामुख्याने नियोजित वसाहतींतील रहिवासी संघ. झोपडवस्त्या आणि अनधिकृत वसाहती दीर्घकाळ बाहेरच राहिल्या. २०१५मध्ये आम आदमी पक्षाच्या सरकारने ११ मतदारसंघांत मोहल्ला सभा भरवून लोकांकडून कामांच्या याद्या घेतल्या आणि अर्थसंकल्पात ‘स्वराज निधी’साठी २५३ कोटींची तरतूद केली. त्या सभांना कोणीही येऊ शकत होता, नोंदणीचा कागद लागत नव्हता. पुढे तो प्रयोग विरत गेला. सीमेपलीकडच्या नोएडात तर लोकनियुक्त नगरपालिकाच नाही. १९७६पासून तिथे प्राधिकरण आहे. नगरसेवकच नसल्यामुळे रस्त्यावरच्या दिव्यासाठीही रहिवाशाला थेट अधिकाऱ्याची पायरी चढावी लागते.

घटनात्मक चौकटीतही हेच अंतर आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने ३ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. दिल्ली महापालिकेत २५० प्रभाग आणि १२ विभाग आहेत. म्हणजे सुमारे वीस प्रभागांमागे एक समिती. इतक्या उंचीवरून बोळ दिसत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात नवे काही वाटत नाही. अनुदान ही संकल्पना आपल्याकडे रुजली ती १८५४च्या वुडच्या खलित्याने. स्थानिक व्यवस्थापन, तपासणीला मान्यता, थोडी का होईना फी, अशा अटी पाळणाऱ्या शाळांना सरकारी मदत मिळू लागली. अटी वाजवी होत्या. पण त्या पूर्ण करू शकत होते ते मिशनरी आणि शिकलेले उच्चवर्णीय. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी दिलेल्या निवेदनाचा रोख इथेच होता: सरकारी तिजोरी भरते रयतेच्या कष्टातून आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे. तटस्थ दिसणारी अटसुद्धा आधीच्या विषमतेला सरकारी मोहर लावते, हे त्यांनी दाखवून दिले. आज अर्जाचा नमुना वेगळा आहे. गाळणी तीच आहे.

अटी हव्यातच कशाला, असा याचा अर्थ नाही. त्यांतील काही मी स्वतः फायलींवर घातल्या आहेत. कागदोपत्री संस्थांनी अनुदाने उचलून पोबारा केलेला मी पाहिला आहे. पण पैशाचा हिशेब नागरिकाने द्यावा ही एक गोष्ट आणि जमीन कोणत्या सरकारी यंत्रणेची, हे सरकारला नागरिकाने सांगावे ही दुसरी. पहिली जबाबदारी अर्जदाराची, दुसरी कार्यालयाची. आपण दोन्ही अर्जदाराच्या गळ्यात बांधल्या आहेत.

त्यामुळे सुधारणा फार अवघड नाही. अर्ज दोन टप्प्यांत घ्यावा: आधी एक पान, ज्यात काम कोणते, कुठे आणि कोणासाठी एवढेच असेल. ते प्राथमिक पसंतीस उतरले की खर्चाचा अंदाज आणि ना-हरकत पत्रे कार्यालयानेच मिळवावीत. पुणे महापालिका २००६-०७पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवते, ती क्षेत्रीय कार्यालयात साध्या अर्जावर. तिथेही सूचना देणारे लोकसंख्येच्या मानाने थोडेच असतात, म्हणून केवळ सोपा अर्ज पुरेसा नाही. खासदार निधीत अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी १५ टक्के आणि जमातींच्या वस्त्यांसाठी ७.५ टक्के रकमेची कामे सुचवण्याचा नियम आहे; त्याच धर्तीवर शहरांतील झोपडवस्त्यांचा वाटा लोकसंख्येनुसार बाजूला काढावा. नोंदणी नसलेल्या बचत गटांना आणि वस्ती सभांना मागणीचा अधिकार द्यावा. काम सरकारी यंत्रणाच करणार असेल तर अर्जदाराच्या नोंदणीने साधते काय? आणि प्रत्येक नकाराचे कारण लेखी द्यावे. त्यासाठी नवा कायदाही नको. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ने बाधित व्यक्तींना प्रशासकीय निर्णयांची कारणे देणे सार्वजनिक प्राधिकरणांवर २००५पासूनच बंधनकारक केले आहे.

त्या सहा दिव्यांचे पुढे काय झाले? आमच्या संस्थेने ठराव करून तो अर्ज आपल्या नावाने पाठवला. संस्थेच्या कुंपणालगत, जिथे जमिनीचा वाद नव्हता, चार दिवे लागले. शौचालयाजवळचे दोन अजून बाकी आहेत. बाईंनी मला मिठाई आणून दिली. ती घेताना मी संकोचलो. करदात्या नागरिकाच्या हक्काची गोष्ट त्यांना शेजारच्या निवृत्त साहेबाच्या मेहेरबानीने मिळाली होती, आणि ज्या वस्तीशेजारी असा साहेब राहत नाही, तिथला अर्ज आजही परत येत असेल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)